कवटीची उजवी बाजू, डावी बाजू

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मासवणला शाळेतल्या मुलांपुढे बोलायला गेलो होतो. मासवण म्हणजे पालघर तालुक्यातले सूर्या नदीकाठचे गाव. मी बोईसरला राहतो, तेव्हा माझ्या दृष्टीने हे शेजारचेच. आजूबाजूच्या पाड्यांतून अकरावी-बारावीला जाणारी काही मुलेही आली होती. विषय होता 'मोजमाप आणि त्यातल्या चुका'. मुलांनी एकमेकांच्या दोन्ही हातांच्या मधल्या बोटांची लांबी मोजली, उजवे-डावे यांतला फरक फळ्यावर मांडला, आणि पुन्हा मोजल्यावर तो फरक बदलतो हे पाहून बराच गोंधळ घातला. तास चांगला झाला असे मी समजत होतो.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा मागे बसलेली अकरावीतली एक वारली मुलगी उभी राहिली. "सर, आमच्या पाड्यावर पुण्या-मुंबईहून माणसं येतात. लग्नाची गाणी रेकॉर्ड करतात, चौकाचे फोटो काढतात, आजीला पुष्कळ विचारतात. ती माणसं जे शिकलेली असतात ते मला शिकायचं असलं, तर कुठल्या कॉलेजात जायचं?"

मी म्हणालो, त्या विषयाला मानववंशशास्त्र म्हणतात. मग थोडे अडखळून सांगितले, की आपल्याकडच्या महाविद्यालयांत पदवीला हा विषय सहसा नसतो. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली. ते "बरं" मला घरी येईपर्यंत बोचत राहिले. कारण मी सांगितले ते खरे असले तरी अपुरे होते. महाराष्ट्रात हे शास्त्र ज्यांनी रुजवले, त्यांनाही त्यांच्या महाविद्यालयात हा विषय मिळाला नव्हता.

त्या म्हणजे इरावती कर्वे. आपल्यापैकी बहुतेकांना त्या 'युगान्त'मुळे माहीत असतात. भाषेचे शिक्षक त्यांचे ललित लेखही शिकवतात. पण त्यांची डॉक्टरेट माणसाच्या कवटीवर होती, हे विज्ञानाच्या शिक्षकांनाही क्वचितच ठाऊक असते.

इरावतींचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत पाठवले आणि पुढे ती रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली ती पदवीधर झाली, ती तत्त्वज्ञान घेऊन. त्या काळी आपल्याकडच्या कुठल्याही महाविद्यालयात मानववंशशास्त्र घेऊन बी. ए. होण्याची सोय नव्हती. कलकत्ता विद्यापीठात हा विषय १९२० च्या सुमारास सुरू झाला होता, तोही पदव्युत्तर पातळीवर.

मुंबई विद्यापीठात मात्र शेजारचा एक दरवाजा उघडलेला होता. पॅट्रिक गेडीस या मूळच्या जीवशास्त्रज्ञाने १९१९ साली तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू केला होता आणि १९२४ पासून तो गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे होता. घुर्ये मूळचे संस्कृतचे. केंब्रिजला जाऊन रिव्हर्स आणि हॅडन यांच्या हाताखाली ते मानववंशशास्त्र शिकून आले होते. म्हणजे या विषयाचे आपल्याकडचे पहिले शिक्षक पाहावेत तर एक जीवशास्त्रातून आलेला, दुसरा संस्कृतातून! दक्षिणा फेलोशिप मिळवून इरावती घुर्यांकडे गेल्या आणि १९२८ साली एम. ए. झाल्या. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. सुरुवात घरापासून झाली.

अमेरिकेत याला बरीच व्यवस्थित वाट आहे. तिथे दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये असतात. त्यांतले पहिले १९०१ साली जोलिएट या गावी निघाले. गावातला, बेताच्या परिस्थितीतला विद्यार्थी पहिली दोन वर्षे तिथे काढतो, मानववंशशास्त्राची तोंडओळख करून घेतो आणि ते गुण खात्यावर घेऊन विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होतो. आपल्याकडे १९९५ साली पाँडिचेरीला याच धर्तीचे कम्युनिटी कॉलेज निघाले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट साठवण्याची 'बँक'ही आली. ती प्रत्यक्षात कशी चालते ते आपण शिक्षक पाहतोच आहोत. इरावतींच्या काळी खाते वगैरे काही नव्हते. महाविद्यालयाने दिलेली वाचनाची सवय आणि एक शिष्यवृत्ती एवढ्या बळावर विषय बदलायचा होता.

मधल्या काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. ते फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत. स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केलेली असल्यामुळे पत्नीनेही तिकडे जावे असे त्यांना वाटत होते. विरोध कुणाचा व्हावा? सासऱ्यांचा, म्हणजे स्त्रियांसाठी १९१६ साली विद्यापीठ काढणाऱ्या महर्षी कर्व्यांचा. माणसे अशी एका रेषेत बसत नाहीत. अखेर जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस इरावती बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. बर्लिनच्या दालेम भागात मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक संस्था १९२७ साली उघडली होती, तिचे ते संचालक. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत रेहोबोथ येथील मिश्र वस्तीची पाहणी करून त्यांनी नाव मिळवले होते. मानवी वंश उच्च-नीच असतात हे त्यांच्या लेखी सिद्ध करण्याची गोष्ट नव्हती, ती गृहीत होती. मोजमापांनी तिला फक्त दुजोरा द्यायचा होता. त्यांनी इरावतींना विषय दिला, माणसाच्या कवटीची नैसर्गिक असममिती.

विषय समजून घेण्यासारखा आहे. माणसाचे शरीर वरवर पाहता मधल्या रेषेभोवती सममित दिसते, पण नेमके मोजले तर तसे नसते. डोकेही नसते. मेंदूचा उजवा भाग कपाळाकडे किंचित पुढे आलेला असतो आणि डावा भाग मागे पाठीकडे. हे आज मेंदूच्या प्रतिमांवर स्पष्ट दिसते आणि कमीअधिक प्रमाणात वानरांतही आढळते. फिशर यांची कल्पना अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, तेच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह, आणि त्यामुळे त्याची कवटी इतरांपेक्षा अधिक असममित असली पाहिजे. इरावतींनी निरनिराळ्या मानवसमूहांतल्या १४९ कवट्या मोजल्या. असममिती सगळीकडे होती, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नव्हता. त्यांनी तसे लिहिले. १९३१ साली प्रबंध छापून निघाला.

पंचविशीतली, कर्ज काढून आलेली, परकी भाषा शिकून लिहिणारी विद्यार्थिनी आपल्या मार्गदर्शकाच्या आवडत्या कल्पनेविरुद्ध निष्कर्ष काढते, यात धैर्य आहेच. पण मला इथे त्याहून वेगळी गोष्ट दिसते. मासवणच्या मुलांनी बोटे मोजली तेव्हा उजव्या-डाव्यातला फरक मिलिमीटरच्या आसपास येत होता आणि एकच बोट दोघांनी मोजले तर त्या दोघांच्या उत्तरांतही तेवढाच फरक पडत होता. अशा वेळी प्रामाणिक माणसाला काय म्हणता येते? "फरक आहे, पण तो बोटाचा की माझ्या हाताचा हे या मापावरून सांगता येत नाही." कवटीचेही तसेच. एकाच समूहातल्या दोन कवट्यांत जेवढे अंतर असते, तेवढेही दोन समूहांच्या सरासरीत नसेल, तर समूहांविषयी बोलणे थांबवावे लागते. शिवाय उजवी मोठी असणे आणि डावी मोठी असणे यांची चिन्हे वेगळी. चिन्हांसह सरासरी काढली तर एक उत्तर येते, चिन्हे सोडून काढली तर दुसरे. पहिल्याने 'कल कुठे आहे' ते कळते, दुसऱ्याने 'विस्कळितपणा किती आहे' ते. आकडे हव्या त्या बाजूला झुकवायला इथे भरपूर जागा आहे. ती जागा असूनही न वापरणे याला मी जास्त मोल देतो.

शिक्षकांनी हा प्रयोग नववीपासून पुढे कोणत्याही वर्गात करून पाहावा. फक्त डोकी मोजू नयेत, बोटे मोजावीत. प्रत्येक बोट दोघांनी, एकमेकांचे उत्तर न पाहता, तीनतीनदा मोजायचे. आधी मोजणाऱ्यांतला फरक काढायचा, मग उजव्या-डाव्यातला, आणि सर्वांत शेवटी मुलगे-मुली किंवा या तुकडीतले-त्या तुकडीतले असा. हा क्रम उलटा केला, की आपण फिशर यांच्या वाटेने निघालो म्हणून समजावे.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे आणखी एक मुलगी डोकी मोजत होती. झोरा नील हर्स्टन ही कृष्णवर्णीय लेखिका. तिने १९२० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून दोन वर्षांची पदविका घेतली. पुढे १९२५ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आणि तिथे ती फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकू लागली. बोआस मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांची डॉक्टरेट समुद्राच्या पाण्याच्या रंगावर. अमेरिकेत स्थलांतर करून आलेली माणसे आणि त्यांची मुले मिळून सुमारे १८ हजार जणांची मापे घेऊन त्यांनी १९११ च्या सुमारास दाखवले होते, की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा थोडा बदलतो. डोक्याचा आकार म्हणजे वंशाचा कायमचा शिक्का, ही समजूत त्याने हलली. (या आकडेवारीची २००२-०३ मध्ये पुन्हा चिकित्सा झाली. बदल किती मोठा मानायचा यावर अभ्यासकांत दुमत झाले.) बोआसनी हर्स्टनला मापाचा चिमटा देऊन हार्लेमच्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांची डोकी मोजायला पाठवले, वंशश्रेष्ठत्वाची कल्पना खोडण्यासाठी. म्हणजे उपकरण तेच, बर्लिनमध्येही आणि हार्लेममध्येही. प्रश्न मात्र वेगळा.

फिशर यांचे पुढे काय झाले तेही विद्यार्थ्यांना सांगावे. १९३३ साली नाझी सत्तेवर आले तेव्हा ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९४२ पर्यंत संस्था त्यांच्याकडे होती. नंतर ती फेरशुअर यांच्याकडे गेली, आणि फेरशुअर यांचा पूर्वीचा सहायक योझेफ मेंगेले ऑशविट्झच्या छावणीतून या संस्थेकडे मानवी अवयवांचे नमुने पाठवत असे. मोजमापाची टोके अशी लांबवर पोचतात.

इरावती १९३० साली परत आल्या. काही वर्षे महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया हे त्यांचे तिथले सहकारी. गुजरातेत लांघणजला १९४० च्या दशकात अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले, त्या कामात दोघेही होते. १९४७ च्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. बर्लिनमध्ये वंशाचे गणित बसत नाही हे स्वतः दाखवूनही इरावती पुढे अनेक वर्षे मापाचा चिमटा घेऊन जाती-जमाती मोजत राहिल्या. मराठ्यांची मापे घेतली, कर्नाटक-ओरिसातही घेतली. जातीचा उगम शरीराच्या मापांतून उलगडेल, असे त्या काळच्या बहुतेक अभ्यासकांना वाटत होते. हाती आलेले उपकरण माणूस सहसा खाली ठेवत नाही, असे मला स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या अनुभवावरूनही वाटते. आज आपण जनुकांच्या भाषेत बोलतो. १९७२ साली रिचर्ड लुअंटिन यांनी सतरा जनुकांच्या आधारे हिशेब केला, तेव्हा माणसामाणसांतल्या एकूण फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत निघाला आणि तथाकथित वंशांच्या वाट्याला सहा-सात टक्केच आले. १४९ कवट्यांनी जे ढोबळपणे सुचवले होते त्याची ही आकडेवारी म्हणायला हरकत नाही.

पण इरावतींचे टिकलेले काम कवटीचे नव्हे, नात्यांचे आहे. १९५३ साली त्यांचे भारतातल्या नातेव्यवस्थेवरचे इंग्रजी पुस्तक आले. आपण चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार शब्द वापरतो, इंग्रजीत एकच पुरतो. का? उत्तरेत यांपैकी कुणाशीच लग्न चालत नाही. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, कित्येक ठिकाणी बहिणीची मुलगीही चालते. महाराष्ट्र मधोमध: आपल्याकडे कितीतरी जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र टाळतात. भाषा, भूगोल आणि लग्न यांचा असा एकत्र नकाशा त्यांनी काढला. यासाठी चिमटा लागत नाही. लागते ते गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसणे.

आणि इथे मी पुन्हा मासवणच्या त्या मुलीच्या आजीपाशी येतो. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसणारे काही आजचे नाहीत. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन यांनी वारली आणि काथोडींविषयी लिहिलेला लेख १८४३ साली छापून आला. १९३९ साली, म्हणजे इरावती डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या त्याच वर्षी, सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांचा आदिवासींच्या स्थितीवरचा अहवाल आला. के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४५ चे. लग्नाचे विधी, चौक, धवलेरीची गाणी हे सगळे नोंदवणारे नोंदवत राहिले. वारली बाई चौक 'काढत' नाही, 'लिहिते', हा शब्दही त्यातून बाहेरच्यांना कळला.

पण त्याच लग्नाची दुसरी बाजू होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज बहुधा फिटत नसे. १९४५ साली झरीच्या सभेपासून वेठीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला, त्यात शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. गोदावरीबाईही फर्ग्युसनच्याच विद्यार्थिनी. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मग कायदा शिकलेल्या. त्यांनी मानववंशशास्त्राचा एक तासही ऐकला नसेल. तरी 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकात त्या वेळच्या वारली जीवनाची जी माहिती मिळते, ती जमातींच्या कोशात मिळत नाही. लग्नाचा चौक पाहणाऱ्याला लग्नगडी दिसलाच पाहिजे असे नाही. तो दिसण्यासाठी निराळा प्रश्न विचारावा लागतो.

आयुष्याच्या अखेरीस इरावतींनी तो विचारला. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. किती मोबदला मिळाला एवढेच न विचारता देव कुठे गेले, सोयरीक कुणाशी उरली, गाव एकत्र बसले की पांगले, हे विचारणारा तो अभ्यास. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, त्या वारल्या.

त्याच १९६९ साली तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला. पुढे त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. सूर्या प्रकल्पाच्या धरणांसाठी आदिवासी पाडे उठले. मी ज्या विजेवर हा लेख लिहितो आहे आणि जे पाणी पितो आहे, त्यांच्याशी या उठलेल्या माणसांचा संबंध आहे. या परिसरातल्या मुलांनी कोयनेच्या पाहणीतले प्रश्न घेऊन त्या वस्त्यांवर जावे, असे मला फार वाटते. एखाद्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या प्रकल्पात ते सहज बसेल.

शेवटी मी त्या मुलीच्या शिक्षकांना पत्र लिहिले. जवळच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, इतिहास, भूगोल किंवा जीवशास्त्र, जे आवडेल ते घेऊन तिने पदवी घ्यावी. पुण्याच्या विद्यापीठात मानववंशशास्त्राचा विभाग आहे, आणि अन्य विषयांच्या पदवीधरांना प्रवेश देणारे विभागही आहेत. संख्याशास्त्राची भीती आत्ताच घालवावी. तोपर्यंत एक वही करावी. घरातल्या सगळ्या नात्यांचे शब्द आजीच्या तोंडचे जसेच्या तसे लिहावेत, कुणाशी लग्न चालते, कुणाशी नाही ते विचारावे आणि कुणाच्या लग्नाला किती कर्ज झाले तेही विचारावे. माहिती देणाऱ्यांची नावे लिहू नयेत, असा या शास्त्रातला शिष्टाचारही कळवला.

दिवाळीनंतर तिचे उत्तर आले. वहीची चाळीस पाने झाली होती. नात्यांच्या शब्दांत दोन असे होते, की ते मला कुठल्या पुस्तकात भेटले नव्हते. खाली एक प्रश्न होता: "सर, आजी म्हणते, माझं नाव लिही. बाहेरची माणसं सगळं घेऊन जातात, पण नाव कुणी लिहीत नाही. तर लिहू का?"

मी अजून उत्तर पाठवलेले नाही. पुढच्या आठवड्यात मासवणला जाणार आहे, तेव्हा आजीलाच भेटायचे ठरवले आहे.